संदर्भांची मोजदाद

विद्वानांची परीक्षा कशी करावी हा प्रश्न फार जुना आहे. ती अंकांनी करावी ही कल्पना मात्र अलीकडची होय. संशोधकाने निबंध किती लिहिले आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, यावरून त्याची योग्यता ठरविण्याची रीत आता सर्वत्र पडली आहे. २००५ साली हिर्श नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने त्यासाठी एक निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक वीस. वास्तविक युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील संदर्भांची सूची काढली, ती एका निबंधावरून त्याच्याशी निगडित असे दुसरे निबंध सापडावेत म्हणून. माणसे तोलण्याचा काटा तिचा पुढे झाला.

या मोजदादीस आम्ही सरसकट नावे ठेवीत नाही. अंक नव्हते तेव्हा शिफारशी होत्या, आणि कोण कोणाचा भाचा याचीच चौकशी अधिक होत असे. वशिला नसलेल्या होतकरू माणसास अंकाचा आधार वाटला तर नवल नाही.

परंतु रानावनातील विद्येला हा काटा कितपत लागू पडतो? आमच्या परिचयाच्या एका तरुणाने तीन हिवाळे मेळघाटात रानपिंगळ्याच्या ढोलींपाशी काढले. हा पक्षी इतर घुबडांप्रमाणे केवळ रात्रीचा नव्हे, दिवसाढवळ्याही शिकार करतो. म्हणून पहाटेपासून सांजेपर्यंत बसावे लागते. पिलांना सरडा मिळाला की उंदीर, एवढे टिपण्यात एकेक दिवस जातो. तीन वर्षांच्या या तपश्चर्येतून दोन निबंध निघाले. पुढे एका संस्थेत मुलाखतीस गेले असता त्यांना प्रथम अंक विचारला गेला; सोबत नेलेल्या वह्या कोणी उघडल्यादेखील नाहीत. त्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत, म्हणूनच हा विषय आमच्या मनातून जात नाही.

गंमत अशी की, संदर्भावर किती भरवसा ठेवावा याचा धडा या रानपिंगळ्यानेच दिलेला आहे. ज्या राष्ट्रीय सभेचे अधिवेशन १८९७ साली आमच्या अमरावतीस भरले, तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ह्यूमसाहेबांनी १८७३ साली या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर तो कोणाच्या हाती लागला नाही. मात्र मायनर्ट्‌झहागेन नामक एका नामांकित पक्षिसंग्राहकाने १९१४ साली तापीकाठी मांडवी येथे आपण तो मारल्याचे सांगितले, आणि ती नोंद खरी धरली गेली. पुढे पामेला रासमुसेन यांनी ती बारकाईने तपासली, तेव्हा कळले की, तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला व नव्याने भरलेला होता. ती लबाडी बाजूस सारून आणि अस्सल जुन्या नमुन्यांच्या जागा धरून त्या आपल्या सोबत्यांसह शोधास निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुनः दिसला. त्याच सातपुड्याच्या आमच्या टोकाला, मेळघाटातही, तो पुढे आढळला. उल्लेखांची बेरीज खरे आणि खोटे दोन्ही सारखेच मोजते; त्यांतला भेद नोंद उघडून पाहणाऱ्यालाच कळतो.

शिवाय जे मोजले जात नाही त्याचे काय? मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या चाकरीत, मेळघाटातही राहून, रानाचे ज्ञान मराठीत आणले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांनी किती मुलांचे डोळे आभाळाकडे वळविले याची नोंद कोणत्या सूचीत सापडणार?

अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी येते तेव्हा काट्यावर वजन होतेच. पण भाव ठरविण्यापूर्वी जाणता व्यापारी गाडीत हात घालतो, चिमूटभर कापूस काढून त्याचा धागा बोटांनी ताणून पाहतो. वजन कोणालाही वाचता येते, धाग्याची पारख शिकावी लागते. आमच्या शिक्षणसंस्थांनी काटा मोडावा असे आम्ही म्हणत नाही. गाडीत हात घालावा, इतकेच आमचे मागणे आहे. उमेदवाराचा अंक लिहून घेतल्यावर त्याची एक तरी वही उघडावी, आणि आपल्यापैकी एकाने ती घेऊन मेळघाटात जावे. वहीत लिहिलेल्या झाडावर, लिहिलेल्या ऋतूत रानपिंगळा दिसला, तर त्या माणसाला निवडण्यास आणखी कसला आधार हवा?