घर, मोहल्ला आणि मूल

पालकसभेत आम्हां शिक्षकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "टीचर, शाळा कोणती चांगली?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. मूल शाळेत पाच-सहा तास असते. उरलेला दिवस घरात, जिन्यात, गल्लीत जातो. तालीम शाळेत मिळते, तर्बियत मात्र तिथे होते. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून हेच मांडले की, शाळेतल्या सोयींपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि सोबतची मुले अभ्यासावर जास्त परिणाम करतात.

आमच्या द्रोणागिरीत हे रोज दिसते. भातशेती नि मिठागरांच्या या मुलखात सिडकोने वसाहत उभी केली. १९८९ मध्ये शेजारचे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत आली. आता करंजाच्या कोळ्याचा मुलगा, बोकडवीऱ्याची आगरी मुलगी, बाप जहाजावर असलेली कोकणी मुसलमान घरातली लेक आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या ड्रायव्हरचे पोर एका बाकावर बसतात.

असाच एक ट्रेलरवाल्याचा मुलगा मराठी वाचताना अडखळतो, उर्दूही कच्ची. पण कंटेनरवरची चार अक्षरे आणि सात आकडे तो एका नजरेत टिपतो. अब्बांनी यार्डाबाहेरच्या रांगेत त्याला ते शिकवले. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, हे आम्ही सांगितले, तेव्हा सारा वर्ग वह्या उघडून बसला. लोक ज्याला अडाणी घर म्हणतात, त्याच घरची ही शिदोरी.

मोहल्ल्याची गोष्ट वेगळी. इथे बरीच कुटुंबे अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतात. सातवीतल्या एका मुलीचा करार ऐन जानेवारीत संपला. वडील म्हणाले, "साल वाया गेलं तर गेलं, मुलीचीच जात आहे." खालच्या मजल्यावरच्या खालांनी ते ऐकले आणि सरळ सांगितले, "परीक्षा होईपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील." मुलगी राहिली, परीक्षा दिली, आज आठवीत आहे. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली. त्याच घरातल्या फातिमाबी शिक्षिका झाल्या. शेजार असा कामाला येतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. घर बदलायचेच असेल तर शक्यतो मे महिन्यात बदला. मध्येच बदलावे लागले तरी मुलाला घरी बसवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मगरिबनंतर अर्धा तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवा. स्वतःला लिहिता-वाचता येत नसेल तर मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका. आणि जिन्यात शेजारचे पोर रिकामे बसलेले दिसले, तर त्यालाही आत बोलवा.