गाण्यांची वही

पौगंडावस्था हा शब्द ज्या मुलांसाठी तयार झाला, त्या मुलांपैकी एकालाही तो आवडत नाही. शिक्षकांच्या शिबिरात आणि मानसशास्त्राच्या पुस्तकात तो शोभून दिसतो. पण एखाद्या मासिकावर 'खास पौगंडावस्थेतील वाचकांसाठी' असं छापलं, तर त्या वयाची मुलं तो अंक हातातसुद्धा धरणार नाहीत. 'किशोर' म्हटलं तर आपल्याला लहान ठरवलं असं वाटतं, 'युवक' म्हटलं की भाषणाचा वास येतो. या वयाला हाक कशी मारायची, इथपासूनच पंचाईत!

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. ती पुण्यात माध्यमांचा अभ्यास करते. तेरा ते एकोणीस वयाच्या वाचकांसाठी संगीताच्या मासिकाचा नमुना तयार करा, असं काम तिला कॉलेजात मिळालं होतं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांवरचा एक लेख. मला म्हणाली, "आजी, तू जन्मभर याच वयाची मुलं सांभाळलीस. त्यांना काय आवडतं ते तूच सांग." मी आठवी ते दहावीला मराठी शिकवलं, शाळेचं हस्तलिखित वर्षानुवर्षं काढलं. पण संगीताचं मासिक? मग आम्ही दोघी मिळून वाचायला बसलो.

वाचता वाचता इंग्लंडातलं 'स्मॅश हिट्स' सापडलं. निक लोगन नावाच्या संपादकाने ते १९७८ साली सुरू केलं. त्याआधी तो 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाचा संपादक होता. त्या साप्ताहिकातली मोठाली, गंभीर परीक्षणं जाणत्या वाचकांसाठी असत. लोगनने नव्या मासिकासाठी अगदी साधी गोष्ट हेरली. मुलांना परीक्षण नको असतं, गाण्याचे शब्द हवे असतात! तेव्हा रेडिओवर गाणं लागे आणि निघून जाई, निम्मे शब्द कळतच नसत. त्याने रीतसर परवानगी घेऊन गाजणाऱ्या गाण्यांचे शब्द छापले, सोबत मोठे रंगीत फोटो दिले. मासिकाचं पाक्षिक झालं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस खप दहा लाखांच्या घरात गेला.

मला त्याहून आवडली ती त्यांची बोलायची तऱ्हा. मोठमोठ्या गायकांना ते 'मंगळवारचा रंग कोणता?' असले प्रश्न विचारत. १९८७ साली त्यांनी मार्गारेट थॅचर यांचीसुद्धा मुलाखत घेतली. तारे असोत की पंतप्रधान, सगळ्यांची थोडी थट्टा करायची, वाचकाला मात्र आपल्या बाजूला घ्यायचं. वर्गात असंच असतं. मुलांना खाली बघून बोलणारा माणूस नको असतो आणि त्यांची भाषा उसनी घेऊन लाडीगोडी लावणारा तर त्याहून नको असतो.

मासिक डोळ्यांना कसं दिसावं, याचंही एक व्यवहारज्ञान असतं, ते मला नातीकडून कळलं. दुकानात अंक एकावर एक सरकवून ठेवलेले असतात, बहुतेक वेळा डावी कडच काय ती दिसते. म्हणून नाव आणि महत्त्वाची ओळ डावीकडे घ्यायची. मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याने थेट आपल्याकडे पाहावं. रंग दोन-तीनच, अक्षरांचे वळणही दोन-तीनच, नाहीतर पानाची जत्रा होते. पोस्टर मधल्या पानावर, कारण पिना उचकटल्या की तेवढाच कागद एकसंध निघतो. मी म्हटलं, "अगं, आम्ही हस्तलिखितात मधल्या पानावर चित्र घ्यायचो ते याचसाठी." खरं तर तेव्हा आमच्याकडे सलग मोठा कागद तेवढाच असायचा!

नावं ठेवण्याचंही तसंच. १९९६ साली 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या मासिकाने स्पाइस गर्ल्समधल्या पाचजणींना गमतीची टोपणनावं दिली आणि ती जगभर त्यांना चिकटली. शाळेत कुणाला काय नाव पडतं आणि ते कसं टिकतं, हे मी मुलांच्या आणि शिक्षकांच्याही बाबतीत पुष्कळ पाहिलं आहे. त्या वयाची ती खास देणगीच म्हणायची.

आपल्याकडे असं काही नव्हतं, असं मात्र नाही. कलकत्त्याहून 'स्टेट्समन'चं 'ज्युनिअर स्टेट्समन' १९६७ ते १९७७ निघत होतं, डेस्मंड डॉइग त्याचे संपादक. पण ते इंग्रजीत, शहरातल्या मुलांसाठी. आमच्यासारख्यांचं मासिक म्हणजे सिनेमागृहाबाहेर विकायला असणारी गाण्यांची पातळ पुस्तिका. शिवाय १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला होतीच. ती ऐकत वहीत क्रमवारी लिहिणारी पोरं घरोघरी होती.

अशा वहीची एक आठवण सांगते. नववीत एक मुलगा होता. धडा वाचायला उभा केला की जोडाक्षराशी अडायचा, घाम फुटायचा त्याला. एकदा मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. म्हणाला, "बाई, हा शब्द काय असेल?" हिंदी गाण्यातला उर्दू शब्द होता. वहीत शंभरावर गाणी होती, चित्रपट आणि गायक यांच्या नावांसह. रेडिओवर ऐकून जो शब्द कळला नाही तिथे जागा सोडलेली, आणि नंतर कधीतरी वेगळ्या शाईने ती भरलेली. जोडाक्षरं सगळी बरोबर! हिंदीच्या शिक्षकांचा शब्दकोश मागून आणला आणि तो शब्द आम्ही शोधला. त्या वर्षी हस्तलिखितातली गाण्यांची पानं मी त्याच्याकडे सोपवली. तो पुढे पंडित झाला, असं काही नाही. पण दहावीला बसला तेव्हा प्रश्नपत्रिका वाचायची त्याला भीती वाटत नव्हती. मला तेवढं पुरे होतं.

पुढे ब्रिज कोठारी यांच्या कामाविषयी वाचलं तेव्हा म्हणूनच नवल वाटलं नाही. टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवले, तर अडखळत वाचणारे लोक गाता गाता वाचू लागतील, ही कल्पना त्यांनी १९९६ साली मांडली. माणूस आवडत्या गाण्याच्या पुढे पुढे वाचतो, कारण पुढचा शब्द त्याला हवाच असतो.

नातीचं म्हणणं वेगळं होतं. "आजी, शब्द आता मोबाइलवर दोन सेकंदांत मिळतात. मासिकात कशाला?" तिचं खरंच आहे. 'स्मॅश हिट्स' २००६ साली बंद पडलं, 'एनएमई'चा छापील अंक २०१८ साली थांबला. जे दुर्मीळ होतं ते सुलभ झालं, मग त्यासाठी पैसे कोण मोजणार? पण मी तिला विचारलं, तुझ्या मोबाइलवर मराठी गाण्याचे शब्द बरोबर येतात का? तिने चार गाणी काढून पाहिली. ऱ्हस्व-दीर्घाचा खेळखंडोबा झालेला, एक कडवं गायब, आणि दोन ठिकाणी गीतकाराचं नावच नाही. २०१२ साली कायदा बदलून गीतकारांना मानधनातला वाटा देण्याची तरतूद झाली, पण त्यांची नावं मुलांपर्यंत पोचवायला कुठला कायदा करणार?

त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. माझा हट्ट इतकाच होता की सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या भाषेतलं गाणं नीट छापलेलं एकदा तरी दिसावं. ते 'संस्कार' म्हणून नको, त्याचं आवडतं गाणं म्हणून दिसावं, मग ते रॅप का असेना.

शेवटी तिने तिचं केलं, आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा बरं केलं. मुखपृष्ठावर चित्रपटातला तारा न घेता मराठीत रॅप लिहिणारी एक मुलगी घेतली, थेट आपल्याकडे बघणारी. आत त्या गाण्याचे शब्द, गीतकाराचं नाव गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. आणि मधल्या पानावर पोस्टरऐवजी आखलेल्या कोऱ्या ओळी. वर लिहिलंय, 'इथे तुझं गाणं लिही.'

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाण्यांची वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. घरातल्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला दाखवावी. आणि सोडलेल्या जागा अजून भरायच्या राहिल्या असतील, तर त्याच्याकडूनच भरून घ्याव्यात.