हेडमास्तर

सेवानिवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी आमच्या गंगापुरातील वडीलधारी मंडळी मला अद्याप 'हेडमास्तर' म्हणूनच हाक मारतात. शाळेत माझ्या दारावर पाटी होती ती 'मुख्याध्यापक' अशी. परंतु पाटीवरचा शब्द निराळा आणि लोकांच्या ओठांवरचा निराळा! हाताशी सवड आली, तेव्हा या इंग्रजी जोडशब्दाची कुळी शोधावी असे मनाने घेतले.

'हेड' म्हणजे डोके, हे कोणीही सांगेल. 'मास्टर'चे मूळ मात्र लॅटिन भाषेतील 'मॅजिस्टर' या शब्दात आहे. 'मॅजिस' म्हणजे अधिक. जो इतरांहून अधिक, तो मॅजिस्टर. आपला मॅजिस्ट्रेटही त्याच घराण्यातला. हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी 'मेस्त्रे' झाला आणि त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरून 'मिस्त्री' बनला. म्हणजे भिंत बांधणारा मिस्त्री आणि मुलांना घडविणारा मास्तर हे एकाच पूर्वजाचे वंशज! या नात्याचा मला अभिमान वाटतो.

आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील उर्दू शाळांत मुख्य शिक्षकाला 'सदर मुदर्रिस' म्हणत. 'दर्स' म्हणजे धडा. तो देणारा मुदर्रिस. आणि 'सदर' या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थ छाती. संस्कृतातील 'मुख्य' तर उघडच 'मुख' शब्दापासून आला. इंग्रजीने डोके पुढे केले, अरबीने छाती आणि संस्कृताने तोंड! पुढारीपण दाखवायला तिन्ही भाषांना शरीराचाच आधार घ्यावा लागला, याची मोठी गंमत वाटते.

मुख्य असा अध्यापक तो मुख्याध्यापक. हा कर्मधारय समास. यात उत्तरपद प्रधान, पूर्वपद हे केवळ विशेषण. 'हेडमास्टर'ची ठेवणही अशीच आहे. परंतु एकदा कचेरीची खुर्ची मिळाली की माणसाला पूर्वपदच गोड लागते. हजेरीपट, वेतनपत्रके, अहवाल यांच्या ढिगाऱ्यात वर्ग दुरावतो. उत्तरपद गळून पडते आणि उरते ते नुसते डोके, तेही बहुधा दुखणारे!

म्हणून सातवीच्या मराठीचा रोजचा एक तास मी कधीच दुसऱ्याच्या हवाली केला नाही. सहकाऱ्यांना तो हट्ट वाटे. मुख्याध्यापकाने कचेरी सोडून वर्गावर का जावे, अशी लेखी विचारणाही वरून एकदा झाली. त्या पत्राला मी सविस्तर उत्तर लिहिले. अर्थात, सातवीचा तास संपल्यावर.