सहावा तास

वेळापत्रक शाईनं करायचं नसतं, हा सरांचा पहिला नियम. जून उजाडला की स्टाफरूमच्या लांब टेबलावर रेघा मारलेला मोठा कार्डशीट अंथरला जायचा आणि शेजारी रंगीत पेन्सिलींचा डबा. प्रत्येक प्राध्यापकाला एक रंग. एका उभ्या ओळीत तोच रंग दोनदा आला, की तो माणूस एकाच वेळी दोन वर्गांत उभा आहे असं समजायचं आणि खोडरबर हातात घ्यायचा. नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. सर तिथे तर्कशास्त्र शिकवायचे आणि वर्षानुवर्षं वेळापत्रक करायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच स्टाफरूममध्ये मराठीची प्राध्यापिका म्हणून आले, तेव्हा खोडरबर माझ्याकडे आला.

अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास मला आधी विचित्र वाटायचा. सरांनी हिशेब मांडून दाखवला: आठवड्याला असे 20 तास घेतले की घड्याळाचे बरोबर 16 तास भरतात, आणि तेवढाच प्राध्यापकाचा वर्कलोड. साडेसातला पहिला तास, तीन तासांनंतर वीस मिनिटांची सुट्टी, आणि सहावा तास सुटायला 12 वाजून 38 मिनिटं. ही 38 मिनिटं लक्षात ठेव, म्हणायचे.

तेव्हा पुणे विद्यापीठात बी.ए.चे पेपर जी आणि एस या अक्षरांनी ओळखले जात. पहिल्या वर्षी प्रत्येक विषयाचा जी-वन. दुसऱ्या वर्षी जो विषय स्पेशलला घ्यायचा त्याचे एस-वन आणि एस-टू, तिसऱ्या वर्षी एस-थ्री आणि एस-फोर. भाषाविज्ञानाच्या तासाला जाते, असं आमच्यात कुणी म्हणत नसे. एस-फोरला जाते, म्हणायचं. माहितीपत्रकात विषयांचे गट छापलेले असत आणि प्रत्येक गटातून एक विषय घ्यायचा. एका गटातले विषय एकाच वेळेला भरत, म्हणून ते दोन्ही घेता येत नसत. वाचणाऱ्याला वाटावं, या गटांमागे काही शैक्षणिक विचार असेल. त्यामागे बहुतेकदा वर्गखोल्यांची संख्या असे.

मुलं विषय कसे निवडत? मैत्रीण काय घेते ते बघून. गाईड मिळतं का, मार्क पडतात का, एमपीएससीला कामाला येईल का, हे विचारून. आणि सगळ्यात आधी एसटी बघून. लांबच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं पहाटे मुक्कामी गाडीनं यायची. परत जायला सव्वाबाराची गाडी. ती चुकली की थेट संध्याकाळची. सरांना आगाराचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. सक्तीचं इंग्रजी ते पहिल्या तासाला कधीच ठेवत नसत, कारण पावसाळ्यात घाटाकडची गाडी हमखास उशिरा येई आणि तीच मुलं इंग्रजीत अडकत. असं काही कुठल्या परिपत्रकात नसतं.

सहावा तास मात्र कुणाला तरी द्यावाच लागे. अर्थशास्त्राला दिला की अर्थशास्त्राचे सर प्राचार्यांकडे, भूगोलाला दिला की भूगोलाच्या मॅडम. सर सहाव्या तासाच्या चौकटीत स्वतःचा रंग भरून मोकळे होत. मी एकदा म्हटलं, सर, निदान एक वर्ष तरी अदलाबदल करा. ते म्हणाले, “अगं, वाढप्यानं आपलं पान आधी वाढून घ्यायचं नसतं.” मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. त्या पानावर तर्कशास्त्र एकटं जेवायला बसलं होतं.

त्या वर्गात आम्ही उरायचो ते गावातले आणि होस्टेलवरचे. सॉक्रेटिस मर्त्य आहे, हे जगभरातल्या तर्कशास्त्राच्या वर्गांत चालणारं उदाहरण सर कधी घेत नसत. “मेलेल्या माणसाला वर्षाला एकदा कशाला मारायचं?” त्यांचे दाखले ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे, नाहीतर कांद्याच्या भावाचे. वक्त्यानं टाळी घेतली की निष्कर्षाच्या आधीची पायरी शोधायची, ही सवय मला तिथे लागली. तिच्यामुळे घरात भांडणंही पुष्कळ झाली.

वर्गातली संख्या घटत गेली. संख्या घटली की तास घटतात, तास घटले की वर्कलोड बसत नाही, आणि सर निवृत्त झाले तेव्हा ते पद भरलं गेलं नाही. विषय बंद झाल्याचं कुणी कळवत नाही. पुढच्या माहितीपत्रकात एक ओळ कमी असते, एवढंच. गंमत अशी, की याच काळात स्टँडसमोरच्या क्लासमध्ये पोलीस भरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठी पोरं पैसे भरून बसत होती.

सर गेले 2024च्या जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या धांदलीत. त्याच वर्षी आमच्याकडे नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. सत्राला 22 क्रेडिट. मेजर, ओपन इलेक्टिव्ह आणि अशाच आणखी बास्केट. आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची पातळी म्हणे साडेचार. या साडेचारवर सर निदान पाऊण तास बोलले असते. वेळापत्रक आता सॉफ्टवेअर करतं. तेही अडखळतं. 1976 साली इव्हन, इटाई आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलंय, की वेळापत्रकाचा प्रश्न अगदी साध्या रूपातही अशा प्रश्नांच्या जातीचा आहे, ज्यांना झटपट सोडवण्याची हमखास रीत अजून कुणाला सापडलेली नाही. हे मी वाचलं तेव्हा सांगायला सर नव्हते. त्यांना आनंद झाला असता, की आपण खोडत होतो ते काही उगाच नाही.

नव्या नियमानं ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतूनच घ्यावं लागतं. त्यामुळे प्रवेशाच्या टेबलावर बी.कॉम.ची एक मुलगी माझ्यासमोर फॉर्म घेऊन उभी राहिली. “मॅडम, आर्ट्सकडे ते रीझनिंगसारखं काही नाही का?”

होता एक विषय, म्हटलं. आता शिकवायला कुणी नाही.

“कधी असायचा तास?”

“सहावा. पावणेबाराच्या पुढे सुरू व्हायचा.”

“मग जाऊ दे मॅडम,” ती फॉर्मवर दुसऱ्याच विषयापुढे खूण करत म्हणाली, “माझी गाडी सव्वाबाराची आहे.”