न्हाणीघरातील अडगळ

वृद्ध रुग्णाला तपासण्यासाठी मी कोणाच्या घरी जाते, तेव्हा हात धुण्यासाठी आधी न्हाणीघर कोठे आहे ते विचारते. हात धुवायचेच असतात, पण त्या निमित्ताने तेथील फळीवरून नजरही फिरवता येते. दवाखान्यात जे कानी पडत नाही, ते पुष्कळदा त्या फळीवर मांडलेले असते. पोट साफ होण्याच्या चूर्णाचे दोन डबे, बामच्या चार बाटल्या, खाज शमवणाऱ्या मलमाची पिळून संपवलेली नळी. रुग्ण सांगतो, "तसं काही नाही, डॉक्टर." फळीचे म्हणणे वेगळे असते.

ही सवय मला फार उशिरा लागली, आणि ती माझ्याच घरी, माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे लागली. सणासुदीच्या साफसफाईत आपणही हे काम हाती घ्याल, म्हणून ती चूक आपल्याला सांगते.

माझ्या सासूबाई तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. त्यांच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात संडासही होता, आणि दोहोंच्या मधोमध कमरेइतके उंच, ॲल्युमिनियमचे पिंप होते. नळाला दिवसातून एकदाच पाणी येत असे, त्या काळातले. आता इमारतीवर टाकी होती, पाणी चोवीस तास होते. तरी आई ते पिंप रोज काठोकाठ भरून ठेवीत. पिंपामागे जुन्या लुगड्यांचे तुकडे, रिकामे डबे, फुटका मग अशी पुष्कळ अडगळ होती. वृद्धांच्या न्हाणीघरात चालण्याची वाट मोकळी असावी, हे मी रुग्णांना नेहमी सांगत आले होते. एका रविवारी त्या देवळात गेल्या असताना मी सारे उपसले. पिंप भंगारवाल्याला दिले, चिंध्या कचऱ्यात टाकल्या, भिंतीला नवी फळी लावून घेतली. संध्याकाळी आईंनी आत डोकावून पाहिले आणि "छान दिसतंय" एवढेच म्हणाल्या.

चौथ्या रात्री त्या पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. येईल त्याला त्या सांगत, "माझाच पाय घसरला हो." लादी मात्र कोरडी होती. मी स्वतः पाहिली होती.

प्लास्टर सहा आठवडे होते. त्या काळात त्यांना न्हाणीघरात नेण्याचे काम माझ्याकडे आले, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आले की उठताना त्यांचा डावा हात आपसूक हवेत पुढे जातो आणि काही न सापडून मागे येतो. पिंप तेथे होते. काठोकाठ भरलेले, जागचे न हलणारे. त्या ते पाण्यासाठी भरीत नव्हत्या.

लुगड्याच्या तुकड्यांचे कोडे उलगडायला आणखी काही दिवस लागले. न्हाणीघरापर्यंत पोहोचेतो त्यांना लघवी धरवत नसे. दोन वर्षांपासून. ते तुकडे त्या घडी करून वापरीत, धुऊन पिंपामागे वाळवीत. सून डॉक्टर, रोज शेजारच्या खोलीत झोपणारी, आणि तिला हे ठाऊक नव्हते. "तुला काय सांगायचं त्यात? वयच झालं," त्या म्हणाल्या. तुकडे नाहीसे झाल्यामुळे त्या रात्री त्या घाईने, दिवाही न लावता उठल्या होत्या.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध होते. ती गोळी मीच लिहून दिली होती, सकाळी घेण्यासाठी. सकाळी विसरायला होते म्हणून त्या ती रात्री जेवणानंतर घेत. ती पुन्हा सकाळवर आणली, लघवीची आणि साखरेची तपासणी केली, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवला. त्रास पूर्ण गेला नाही, पण रात्रीच्या चार खेपांची एक झाली. आपल्या घरी असे काही आढळल्यास गोळीची वेळ परस्पर बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि "वयच झालं" हे उत्तर स्वीकारू नका.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही न्हाणीघर पुन्हा लावले. या वेळी दाराशी खुर्ची टाकून आई बसल्या आणि मी एकेक वस्तू हातात धरून विचारीत गेले, ही कशासाठी? दोन तास लागले. पिंपाच्या जागी, त्यांचा हात जेथे जात होता नेमका तेथे, भिंतीत स्क्रूने पक्का आधारदांडा बसवला. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. अंगाचा भार पडला की ती उखडते. रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्यांवरही मी विसंबत नाही. साबण, मग, तेल हे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आले, म्हणजे स्टुलावर चढणे नको आणि वाकून झटकन उठताना घेरी येणे नको.

काही गोष्टींबाबत मात्र मी विचारले नाही, आपणही विचारू नये. औषधांना न्हाणीघरात थारा नाही. तेथील उष्णतेने आणि दमटपणाने गोळ्या बिघडतात. ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती विघटित झाली असे समजावे. डोळ्यांत घालायचे थेंब साधारणतः बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यावेत. संडास धुण्याचे ॲसिड आमच्याकडे सरबताच्या बाटलीत होते! अधू दृष्टीच्या माणसाच्या घरात याहून भयंकर वस्तू नसेल. ते मूळ बाटलीतच ठेवावे, ब्लीचिंगच्या पावडरीत कधी मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. कोणी चुकून प्यायलेच तर उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि झरोक्यात खोकी रचली असतील तर आजच काढा. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत असूच नये; असलाच तर कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

बाजारात मिळणारे पॅड मी आणून दिले होते. आईंनी दोन वापरले आणि पाकीट परत केले. त्यांना लुगड्याचे मऊ तुकडेच हवेत. आता ते खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, धुतलेले आणि उन्हात वाळवलेले असे असतात. डब्यावर काय लिहू, असे विचारले तर म्हणाल्या, "काही नको. मला माहीत आहे, तुला माहीत आहे."

पिंपाचे किती पैसे आले, हे मात्र त्या अजूनही अधूनमधून विचारतात.