दुसरा खांदा

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठ महिने झाले. जालन्याला ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरची भिंत पांढरी दिसली. इतका पांढरा रंग मी विसरूनच गेलो होतो. पिंपळगावला परत येऊन दुकान उघडलं, संगणक लावला, तर गेल्या तीन-चार वर्षांतले माझेच फोटो बघवेनात. सगळे निळे. नवऱ्या मुली थंडीनं गारठल्यासारख्या, हिरवी मिरची दौतीत बुडवून काढल्यासारखी. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात बसवलेली पिवळी काच. मला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून दरवेळी मी निळा वाढवत गेलो. भाच्याला विचारलं, "अरे, पेपरात तर बरे छापून आले होते?" तो मान खाली घालून म्हणाला, "मामा, पाठवायच्या आधी मी नीट करून घ्यायचो."

तीन वर्षं! आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, पोरगं माझ्याकडे रंग शिकतंय.

पण हे लिहायला बसलो ते रंगासाठी नाही. त्याच डोळ्यानं मी एक जुनी निगेटिव्ह पाहिली.

आमचं गाव बाहेर ओळखतात ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. माझं पोट भरलं लग्नांवर, आणि नाव झालं कुस्तीवर. बातमीच्या फोटोला कधी पेट्रोलही सुटलं नाही. तरी यात्रेतला फड लागला, हलगी घुमायला लागली की लग्नाची तारीख सोडून पळालेला माणूस मी. बायकोला विचारा.

मातीतल्या कुस्तीचा फोटो काढणाऱ्या सगळ्यांचं दुखणं एकच. निकाल लागतो तो क्षण. दोन्ही खांदे मातीला लागले की चीत. एक खांदा लागलेला असतो, दुसरा बोटभर वर असतो आणि वरचा पैलवान अंगाचं सगळं ओझं त्या बोटभर फटीवर टाकत असतो. तो फोटो मला हवा होता. आता त्यातल्या अडचणी बघा. जिंकणाऱ्याचं तोंड खाली असतं, म्हणजे चेहरा मिळतो तो हरणाऱ्याचा, आणि पेपरला हवा असतो जिंकणाऱ्याचा. फड गोल, कुस्ती फिरत राहणार. डाव बसेल तेव्हा तुमच्याकडे पाठ असेल की तोंड, हे रेणुकामातेलाच ठाऊक. मोठी जोड नेहमी शेवटी लावतात, म्हणजे दिवस कलल्यावर. आणि पाठ मातीनं माखलेली. कृष्णधवल फोटोत माती आणि पाठ एकाच राखाडी रंगाची होतात. खांदा कुठं संपला नि जमीन कुठं लागली, कळत नाही.

यावर कडी म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा. बटण दाबलं की आरसा वर जातो आणि तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. म्हणजे जो क्षण फिल्मवर आला तो फोटोवाल्यानं पाहिलेला नसतो, आणि जो त्यानं पाहिला तो हमखास हुकलेला असतो. हजारो माणसं टाळ्या पिटत असतात आणि ज्याच्याकडे पुरावा आहे तेवढ्या एकट्यानंच काही पाहिलेलं नसतं.

मुष्टियुद्धाचा जगातला बहुधा सगळ्यात गाजलेला फोटो 25 मे 1965 चा आहे, अमेरिकेतल्या लुइस्टन गावातला. खाली सनी लिस्टन आडवा, वर मुहम्मद अली ओरडतोय. काढणारा नील लायफर तेव्हा 22 वर्षांचा. त्या फोटोत अलीच्या दोन पायांमधून पलीकडचा एक फोटोग्राफर दिसतो, हर्ब शार्फमन. लायफरच्याच मासिकाचा, त्याच्यापेक्षा कितीतरी मुरलेला, फक्त चुकीच्या बाजूला बसलेला. मी तो फोटो पाहतो तेव्हा अली राहतो बाजूला, नजर शार्फमनवर जाते. त्याची जागा मला पाठ आहे.

1996 साली, जवळच्याच एका गावच्या यात्रेत, मी योग्य बाजूला होतो. सूर्य बुडायला टेकलेला, बरोबर दोघांच्या पाठीमागे. चारशेची फिल्म सोळाशेला पुश करायची ठरवून बसलेलो. एकानं ढाक लावली, दुसरा हवेत गेला, पाठीवर आला, मी बटण दाबलं. अंधार. नंतर गुलाल. रात्री फिल्म धुतली, पहाटेच्या एसटीत कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं आणि औरंगाबादला प्रेसच्या माणसाला फोन केला. दोन दिवसांनी फोटो छापून आला, चार कॉलम, खाली ओळ: अस्मान दाखवले. पुढे कंसात माझं नाव. आयुष्यात पहिल्यांदा 'छाया : प्रतिनिधी' नव्हतं.

तो फोटो फ्रेम करून मी माझ्या खुर्चीच्या वर टांगला. जिल्ह्यात नवा पत्रकार आला की त्याला चहाला बोलवायचो, आणि बसवायचो अशा खुर्चीत की समोर तोच दिसेल. एवढं कबूल करून टाकतो.

हल्लीच्या पोरांना अशा अडचणी नाहीत. आरसा गेला, अंधार गेला. काही कॅमेरे तर बटण दाबायच्या आधीच्या फ्रेमसुद्धा राखून ठेवतात, सेकंदाला एकशे वीस. भाचा मोबाइलवर व्हिडिओ घेतो आणि घरी येऊन त्यातून वेचतो. मी त्याला म्हणतो, हा फोटो काढणं नव्हे, मटकी निवडणं आहे. तो हसतो. त्याच्या फ्रेम चांगल्या असतात, हे मी त्याच्या तोंडावर अजून म्हटलेलं नाही. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला तेव्हा मी मिरचीच्या ढिगाशी भाव पडल्याचा फोटो घेत होतो. महाराष्ट्रभर गेली ती तिथल्या लोकांनी मोबाइलवर टिपलेली दृश्यं. मला वाईट वाटलं ते माणसांच्या डोक्यातल्या रक्ताचं की तिथं मी नव्हतो याचं, हे त्या रात्री नीट सांगता आलं नसतं.

गादीवरच्या कुस्तीत मात्र माझा जीव रमत नाही. 2018 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी आमच्या जालन्यात झाली. बाला रफिक शेखनं अभिजित कटकेला 11-3 नं हरवलं. कुस्ती झकास, उजेड भरपूर, पार्श्वभूमी स्वच्छ. फोटो काढले शेकड्यानं, आणि एकात फट नाही. गुणांवर लागलेला निकाल फलकावर दिसतो, पैलवानाच्या अंगावर नाही.

मग 2025 चा फेब्रुवारी आला, अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी. पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचं सांगितलं, पृथ्वीराज मोहोळ विजयी. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. वाद पंचाच्या अंगावर जाण्यापर्यंत पोचला, राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. मोबाइलमोबाइलवर व्हिडिओ फिरले आणि ज्याला जे पाहायचं होतं ते त्याला त्यात दिसलं.

दुसऱ्या दिवशी समोरचे मिरचीचे व्यापारी रस्ता ओलांडून दुकानात आले. हातात मोबाइल. माझ्या फ्रेममध्ये खाली पडलेले पैलवान ते हेच. एकोणतीस वर्षांत कितीदा तरी समोर बसून चहा प्यायले, फोटोबद्दल कधी चकार शब्द नाही. त्या दिवशी वर बघून म्हणाले, "भाऊ, खरं सांगा. माझा डावा टेकला व्हता का?"

मी म्हणालो, "टेकला होता, पैलवान. निगेटिव्हमध्ये साफ दिसतं."

निगेटिव्ह मी वीस वर्षांत काढली नव्हती. ती काढली ऑपरेशननंतर, रंगांची फजिती झाल्यावर, नव्या डोळ्याची परीक्षा म्हणून. काचेखाली ट्यूब असलेली जुनी पेटी लावली, वर लूप ठेवला. निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो. डाव्या खांद्याखाली एक काळी रेघ आहे, केसासारखी, पण सलग. मावळता सूर्य त्या फटीतून आलाय. पेपरच्या जाड ठिपक्यांत ती बुजून गेली होती. फ्रेमसाठी प्रिंट काढताना तो कोपरा मीच जास्त उजेड देऊन काळा केला होता, माती भरीव दिसावी म्हणून. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या क्षणी खांदा टेकला असेल, नसेलही. तेव्हा माझ्यापुढे अंधार होता. मला जो फोटो हवा होता, फटीचा, तो मी 1996 सालीच काढला होता आणि स्वतःच्या हातानं बुजवून, 'चीत' म्हणून भिंतीवर टांगला होता.

भाच्यानं निगेटिव्ह स्कॅन करून दिली. काहीही काळं न करता बारा बाय अठराची प्रिंट काढली आहे. रेघ नुसत्या डोळ्यानं दिसते. प्रिंट गुंडाळून काउंटरच्या खणात ठेवली आहे. पैलवानांचं दुकान माझ्या दारातून दिसतं, संध्याकाळी गाड्या भरेपर्यंत ते बाहेरच बसलेले असतात. मी अजून गेलेलो नाही.