वसतिगृहाची अब्रू

मनुष्याची कीर्ति बहुधा त्याच्या स्वतःच्या कृतीवर अवलंबून असते. वसतिगृहाचें तसें नाहीं. तेथें तीस मुलांनीं वर्षभर सांभाळलेली अब्रू एक मुलगा एका रात्रींत घालवूं शकतो. उलट, चाळीस वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्या एखाद्या कर्तबगार विद्यार्थ्याच्या पुण्याईवर आजचीं मुलें मिरवूं शकतात. अमेरिकेंतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारे विद्यार्थिसंघ असतात, व त्यांच्या प्रतिष्ठेविषयीं तेथें पुष्कळ खल होतो. आम्हां कोल्हापूरकरांस मात्र त्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं.

आमच्या बिद्रीस बारावी झालेल्या मुलाचा बाप विचारावयास येतो, "गुरुजी, पोराला कोणत्या बोर्डिंगांत घालूं?" हा प्रश्न केवळ फीचा नसतो. कोणत्या घराण्यांत मुलगी द्यावी, असें विचारतांना माणसाच्या मनांत जी चिंता असते, तीच येथें असते.

कोल्हापुरास विद्यार्थि-वसतिगृहांची जननी म्हणतात, तें राजर्षि शाहू छत्रपतींमुळें. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांकरितां १८९६ सालीं निघालेलें वसतिगृह सर्व जातींस खुलें होतें. परंतु कारभार ब्राह्मण मंडळींच्या हातीं होता, आणि अल्पावधींतच तेथें बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले. नियमांत दार उघडें होतें. वागणुकींत तें लोटलेलें होतें. तेव्हां महाराजांनीं निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांस हाताशीं धरून व राज्याचें साह्य देऊन स्वतंत्र वसतिगृहें उभीं केलीं. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा व जैन, १९०६ सालीं मुसलमान, १९०७ सालीं लिंगायत, १९०८ सालीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांकरितां मिस क्लार्क, १९१५ सालीं सारस्वत, १९२० सालीं प्रिन्स शिवाजी, अशी ही मालिका वाढत गेली.

प्रत्येक बोर्डिंगाचें नांव कशानें होतें? परीक्षेच्या निकालानें होतें, अधीक्षकाच्या करारीपणानें होतें, भोजनगृहाच्या स्वच्छतेनें होतें. हें सर्व उघडच आहे. पण खेड्यांत नांव पोंचतें तें निराळ्याच वाटेनें. आमच्या गांवच्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा ऐन परीक्षेच्या तोंडावर तापानें अंथरुणास खिळला. खोलींतील सोबत्यांनीं आळीपाळीनें रात्री जागविल्या, आणि उतार पडतांच त्यांपैकीं दोघांनीं त्यास एस. टी. नें घरीं आणून पोंचविलें. ते दोघेही परजातीचे होते. त्या माउलीनें त्यांस भाकरी वाढली, तेव्हां त्यांची जात कोणीं विचारली नाहीं. त्या दिवसापासून आमच्या गांवीं त्या बोर्डिंगाची जी पत झाली, ती कोणत्याही माहितीपत्रकानें झाली नसती.

दुसरें उदाहरण सर्वश्रुत आहे. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरांत जैन बोर्डिंगांत शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. शिस्त लावणारांस त्या वेळीं वाटलें असेल कीं, आपण संस्थेची अब्रू राखली. पुढें त्याच भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एकत्र राहतील व एकत्र जेवतील असें वसतिगृह काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव मिळालें. अब्रू कोणाची वाढली, हें काळानें ठरविलें.

आपल्या वाचकवर्गांतील कुटुंबांस म्हणून स्पष्ट सांगावेंसें वाटतें. मुलास शहरीं ठेवतांना "तेथें आपलीं मुलें किती आहेत?" हा पहिला प्रश्न आपल्या तोंडीं अजूनही येतो. त्यांत ममता आहे हें खरें. पण १८९६ चें तें वसतिगृह ज्यामुळें बदनाम झालें, तें बीजही ह्याच प्रश्नांत आहे. "उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्" हें वचन मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या आपल्या घरांनीं तरी निराळें विचारावें. प्रवेश घेण्यापूर्वीं एके दिवशीं न कळवितां दुपारच्या जेवणाच्या वेळीं तेथें जावें. पंक्तींत कोण कोणाशेजारीं बसतो, आजारी मुलाचें ताट खोलींत कोण नेऊन देतो, आणि स्वयंपाक्यास मुलें "अहो" म्हणतात कीं "अरे", एवढें पाहून यावें. मग निकालाचे आंकडे घरीं बसून वाचले तरी चालतील.